घोडा जेवत नाही

सोलोंगोनं लहान मुलांसाठी जुनं वीरगान घोड्याच्या तोंडून लिहायला घेतलं, आणि बालवाडीत वाचून दाखवलं, तिथंच सगळं बिनसलं. वीर मरून पडला. घोडा म्हणाला, "मालक उठेपर्यंत मी बसणार नाही, गवताला तोंड लावणार नाही." तेवढ्यात जेवणाचं मटणाचं सूप आलं आणि वाचन थांबलं.

मुलांनी सूप घेतलं नाही. बसलीही नाहीत.

संध्याकाळी शेजारच्या दुलमाआजी नातवाला ओढत दारात हजर. मागे आणखी आज्या, आणखी उभी पोरं.

"अगं ए शहाणे, सुरू केलेलं गान अर्धवट टाकतात होय? वीर तिकडे मरून पडलाय आणि तू सूप वाढतेस?"

"सूप मी नाही वाढलं, आजी. उद्या पुढचं—"

"उद्यापर्यंत हा काय उभ्यानं झोपणार? मांडी घाल म्हटलं तर खिंकाळतो मेला!"

सोलोंगोचं लक्ष नोमिनकडे होतं. तिची पाच वर्षांची लेक भिंतीशी उभी, ओठ सुकलेले, सकाळपासून पोटात काही नाही. सोलोंगोनं पुन्हा तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. अजून तरी.

पुढचं तिच्याजवळ नव्हतंच. सासरे गात आणि ती उतरवून घेई. गेल्या हिवाळ्यात ते आजारी सासूबाईंच्या उशाशी गात होते. वीर पडला, आणि त्याच कडव्यात सासूबाई गेल्या. तेव्हापासून त्यांचं दोन तारांचं तोवशूर खुंटीला आणि ते खिडकीपाशी उभे. कपभर दूधचहा घेतला तर घेतला. बोलणं बंदच.

शेवटी दुलमाआजींनी स्वतःच आटोपायला घेतलं. "उठला रे वीर! चला, जेवा आता!"

"कोणी उठवलं?" नातवानं विचारलं.

"बायकोनं. औषध घेऊन येते की ती."

"बायको येत नाही," खिडकीपाशी सासरे म्हणाले.

नोमिन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्हीपण घोडा झालात?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरून तोवशूर काढलं. तारा उतरल्या होत्या, गळाही. वीराला त्यानं उठवलं नाहीच. उभं राहून राहून घोड्याचे पाय कसे थरथरले ते गायला, आणि शेवटी मालकाच्या शेजारचंच गवत त्यानं कसं खाल्लं, ते. एवढंच. हे कडवं तिथं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"उरलेलं उद्या," म्हणून तो खाली बसला. नोमिन त्याच्या मांडीत शिरली. मग एकेक पोर टेकलं.

सोलोंगोनं धास्तावून दुलमाआजींकडे पाहिलं. वीर अजून मेलेलाच होता.

आजींनी बाहीनं नाक पुसलं. "बघतेस काय अशी? आमच्या खोऱ्यात अर्धंच गातात. सूप आण."