चेंडू वळवण्याबाबत

कोणतेही काम सरळ मार्गाने उरकणे हे कोवळ्या बुद्धीचे लक्षण आहे, हे प्रत्येक मोठ्या कचेरीला कधी ना कधी कळतेच. एका विमा कचेरीला ते शनिवारी, चेंडूने पिना पाडायच्या बोलिंगच्या हॉलमध्ये कळले.

साहेब दर शनिवारी सगळ्यांना तिथे नेत. (येणे ऐच्छिक होते. न येणाऱ्यांची फक्त चौकशी होई.) साहेबांचा चेंडू लेनच्या उजव्या कडेच्या गटाराच्या काठाकाठाने जायचा, आता पडतो की मग पडतो असं वाटायचं, आणि ऐनवेळी डावीकडे वळून तीन-चार पिना पाडायचा. काय ते वळण! हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी यायचं. (ते जांभई देतानाही यायचं, पण वेळ साधणं महत्त्वाचं.)

दावे तपासणाऱ्या तपासनिसाने मात्र पहिल्याच दिवशी चेंडू नाकासमोर सोडला आणि दहाच्या दहा पिना आडव्या केल्या.

“अहो, साहेबांच्या देखत?” हेडक्लार्क कुजबुजले. “शोभतं का हे?”

सोमवारी परिपत्रक निघाले. उपप्रमुखपदासाठी अनुभवाला चाळीस गुण, वळणाला साठ. पद एक, उमेदवार दोन: तपासनीस आणि रोखपाल. हरणाऱ्याची बदली लांबच्या शाखेत. सोबत पाहणीचे निष्कर्षही होते: वळलेल्या चेंडूने पिना कमी पडतात, पण पडलेल्या पिना अधिक समाधानी असतात. (पाहणी हेडक्लार्कांनी केली.)

तपासनिसाला बदली परवडणारी नव्हती. बायकोची नोकरी इथे, वडील अंथरुणाला खिळलेले. त्याने त्याच संध्याकाळी भोपळ्याला, त्या चेंडूला असतात तशी, बोटांसाठी तीन भोकं पाडली आणि घरातल्या बोळात सराव मांडला. अंगठा आधी काढायचा, मग मनगट दाराची मूठ फिरवल्यासारखं फिरवायचं. भोपळा देवघरात गेला, न्हाणीघरात गेला, एकदा सासूबाईंच्या पायावर गेला.

“अहो, भाजीला ठेवला होता तो,” बायको म्हणाली. मग हळूच म्हणाली, “वळला मात्र छान हं.”

निवडीच्या दिवशी रोखपालाचा चेंडू माफक वळला, पाच पिना. तपासनिसाने डोळे मिटले, मनगट फिरवलं, आणि चेंडू असा काही वळला की मधलं गटार टुणकन ओलांडून शेजारच्या लेनमध्ये घुसला आणि तिथल्या दहाही पिना घेऊन गेला. तिथे एक दंतवैद्य नुकताच चेंडू निवडत होता. त्याने टाकला नसतानाच सगळ्या पिना पडल्या म्हणून तो बायकोला उचलून नाचू लागला. सगळा हॉल नाचू लागला. रोखपालसुद्धा!

“वळण म्हणजे हे!” साहेब ओरडले आणि जागच्या जागी तपासनिसाची नेमणूक जाहीर केली.

मग सगळे पांगल्यावर, भाड्याचे बूट परत करताना, साहेबांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

“कुणाला बोलू नका,” ते म्हणाले. “मी सरळच टाकतो हो. मनगट लचकलंय, म्हणून मेला वळतो. तुम्ही पहिल्या दिवशी टाकलात ना, तसा मला शिकवा.”

“मग परिपत्रक?”

“निघालंय ना आता! मी काय करणार?”

तपासनिसाने नाकासमोर नेम धरून चेंडू सोडला. वळला. पुन्हा सोडला. पुन्हा वळला. हात साफ विसरला होता. दोघांनाही अगदी मनापासून रडू आलं, आणि लगेच हसूही, कारण बदली तर टळली होती.

उपप्रमुख आता नव्या लोकांची वळण-चाचणी घेतात. सरळ टाकणाऱ्यांना ते अतिशय प्रेमाने नापास करतात.

आणि वाचकहो, तुम्ही हसलात ते ठीक. पण तपासनिसाचा चेंडू निघाला तेव्हा तुम्हीही खुर्चीतल्या खुर्चीत हळूच डावीकडे झुकलात, आणि तो वळावा म्हणून श्वास रोखून बसलात. आपली शिफारस उपप्रमुखांकडे धाडण्यात आली आहे. येत्या शनिवारी हजर राहावे. (येणे ऐच्छिक आहे.)