लक्ष्मी जरा आडवी झाली

अकोल्याच्या त्या गणेशोत्सवात मखरामागचं कागदी कातरकाम महादेवराव करत, म्हणजे काळ्या फलकावर खडूनं त्यांचं नाव असे. कात्री घरी त्यांच्या पत्नी सुभद्राबाई चालवत. दोन महिने कागद कापून बाईंच्या अंगठ्याला घट्टा पडे, आणि महादेवरावांच्या गळ्यात हार. ही चोख वाटणी सात वर्षं सुखानं चालली होती.

सन अठ्ठावन्नला सुभद्राबाईंनी विचारलं, "औंदा फलकावर माहं नाव टाकता काय?"

"तुह्या नावानं कोन येईन पाहाले? त्यापेक्षा शेषशायी विष्णू काप. लक्ष्मी पाय चेपून राह्यली, असा. बायकांनी पाहून काही शिकावं."

सुभद्राबाई काही बोलल्या नाहीत. तिथंच महादेवरावांनी सावध व्हायचं. पण बायको गप्प बसली की नवऱ्याला तिला पटल्याचाच भास होतो.

पुरुषांच्या हातात कागद फाटतो, म्हणून देखावा टांगलाही बाईंनीच, वर पडदा सोडून. चतुर्थीच्या आरतीनंतर मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका गोदाबाईंनी पडदा ओढला आणि मागचा दिवा लागला.

शेषावर लक्ष्मी ऐसपैस पहुडली होती. पायाशी विष्णू. दोन हातांनी पाय चेपत होते, तिसऱ्यात पंखा, चौथ्यात पाण्याचा गडवा. देवाला चार हात असल्याचा घराला प्रथमच उपयोग झाला होता.

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. मंडळाचे चिटणीस वामनराव मात्र तडकले, "महादेवराव, हे काय करून ठेवलं? घरी बी असंच चालते काय?"

शेवटचा प्रश्न महादेवरावांच्या जिव्हारी लागला. त्यांनी माइकच धरला. "म्या नाही केलं. माह्या बायकोनं केलं."

"बायकोच्या माथी कावून मारून राह्यले? मागचे दशावतार कोनं कापले मंग?"

"तिनंच. सातही वर्षांचं सारं तिचंच हाये. मले कागद सरळ कापता येत नाही."

कर्ण्यातून हा कबुलीजबाब चार गल्ल्यांत पोचला.

"खरं काय, सुभद्राबाई?" गोदाबाईंनी विचारलं.

"हो. माहंच हाये सारं." बाईंनी घट्टा पडलेला अंगठा पुढं केला.

गोदाबाईंनी फलकावरचं नाव पुसून नवं लिहिलं. वामनरावांनी चित्र उतरवायचा हुकूम सोडला. "आधी बायकांची रांग सरू द्या," गोदाबाई म्हणाल्या. ती दुसऱ्या दिवशी दुपारीही सरली नव्हती.

"घराण्याचं नाव बुडवलं तू," महादेवराव घरी चरफडत होते.

"फलक पाहून या. आडनाव तुमचंच हाये."

महादेवराव तणतणत निघाले. फलक रांगेच्या पार पुढच्या टोकाला होता, आणि गोदाबाईंनी त्यांना बायकांच्या मागं उभं केलं.