स्कोप निवडावा तर मीच!

छऱ्याच्या बंदुकीला परवडणारा स्कोप कसा निवडायचा, हे अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकाच माणसाला कळतं. तो म्हणजे मी, हेमकांत, मुक्काम रनाळे, बियाण्याच्या दुकानाचा मालक! हसायचं तर हसा. गाव हसून दमलं, तरी माझं म्हणणं तेच आहे.

लोक काय करतात, तर ज्यावर सगळ्यात मोठा आकडा तो स्कोप उचलतात. लांबचं दिसलं की झालं! अरे, असं नसतं! आपली बंदूक स्प्रिंगची. ती आधी मागे धक्का देते, मग पुढे. साध्या स्कोपच्या काचा त्या धक्क्याने खिळखिळ्या होतात. शिवाय मोठ्या रायफलचा स्कोप फार लांबसाठी बनवलेला, आपल्या निशाणावर त्यातून नुसतं धुकं दिसतं. म्हणून पुढचं कडं फिरवून जवळचं-लांबचं साफ करता येईल, असाच घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवायचा! हे सगळं मी मोबाइलवर बघून बघून पाठ केलं होतं. गिऱ्हाईक कपाशीचं बियाणं मागायचं आणि मी त्याला काचेवरचे थर समजावायचो.

हा खटाटोप कशासाठी? शाळेमागच्या पडीक जागेवर मला नेमबाजीचं मैदान हवं होतं. कागदी निशाणं, मागे मातीचा बांध, आणि गावची पोरं-पोरी माझ्या हाताखाली तयार होणार! 'मुख्य मार्गदर्शक : हेमकांत' असा बोर्डही रंगवून झाला होता. राहिली होती फक्त ग्रामसभेची परवानगी. तिथे आडवे आले उपसरपंच बन्सीलाल. "बंदूक उनी का गावमा मारामारी उनी!" हे त्यांचं एकच पालुपद.

म्हटलं, ठीक! संध्याकाळी सभा आहे ना? दुपारीच पंचायतीच्या मंडळींना माझ्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर बोलावतो. बंदूक रिकामी ठेवतो, वाळूच्या पोत्यावर टेकवतो आणि समोरच्या भिंतीवरचा निशाणाचा कागद स्कोपातून दाखवतो. बघतील तेव्हा तोंडं बंद होतील!

शिडी अरुंद, म्हणून एकेकाला वर घेतलं. पहिले आले सरपंच अमृतआप्पा. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघावेत तसे ते स्कोपवर वाकले आणि मागच्या रबरी कडेला डोळा दाबून बसले.

"हेमकांत, कडेले काळं काळं दखास रे."

"आप्पा, ती भारी काचेची खूण!" मी ठोकून दिलं. मलाही पहिल्या दिवसापासून तसंच दिसत होतं.

मग बन्सीलाल. ते वर येतानाच कुरकुरत आले. "बंदूक ती बंदूकच शे!"

"बन्सीभाऊ, आधी डोळा नीट लावा, मग बोला!" माझाही आवाज चढला.

"लावं ना! काय करशी?"

"अजून दाबून लावा! मग कळेल हेमकांत काय चीज आहे!"

शेवटी आल्या रुपाताई, ग्रामपंचायतीच्या सदस्य. जाड चष्म्याच्या. त्या लांबूनच बघू लागल्या.

"ताई, जवळ या! डोळा टेकवा!"

"कसाले? माले आठूनच बठं साफ दखास."

"असं लांबून कोणी बघतं का? टेकवा!"

"चष्मा फुटी ना, भाऊ!" म्हणत त्या खाली उतरल्या. हिला काय कळणार स्कोपातलं, असं मी मनात म्हटलं आणि बंदूक आवरायला लागलो. प्रत्येक वेळी मी बंदूकच सरळ करत होतो. कोणाच्या तोंडाकडे बघायला मला सवड कुठे होती?

खाली काय चाललं होतं ते मागाहून कळलं. माझी बायको सुनिता चहा घेऊन उभी. बघते तो आप्पांचा उजवा डोळा काळाठिक्कर! तेवढ्यात वरून माझा आवाज, 'अजून दाबून लावा!' आणि थोड्या वेळाने काळा डोळा घेऊन बन्सीलाल खाली. बिचारी गारठली! चहा परत नेला आणि दोघांसमोर हळदीचं दूध ठेवलं.

"सूनबाई, चहा नही का वं?" आप्पांनी विचारलं.

"पहिले हाई पी ल्या, आप्पा. सूज उतरी जाई."

"कसानी सूज?"

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. त्यास्ना वतीनी मी माफी मांगस."

आप्पांनी बन्सीलालचा डोळा पाहिला. बन्सीलालने आप्पांचा पाहिला. दोघांनाही वाटलं, हेमकांतने ह्याला चोपला. पण भल्या माणसांनी असं विचारायचं कसं? दोघंही मुकाट दूध प्यायले आणि सभेला गेले.

मी सभेला पोचलो तो स्कोपचा खोका काखेत मारून. सगळं गाव माझ्याकडे टक लावून बघत होतं. वाटलं, आता कुठे किंमत कळली! मी मान आणखी ताठ केली.

मागून कोणीतरी विचारलं, "आप्पा, तुम्हले कोनी मारं?"

"माले? माले कोनी नही मारं. बन्सीले मारं!"

"माले नही, आप्पास्ले मारं!" बन्सीलाल उठले. "दखा! मी सांगेल व्हतं ना? मैदान व्हवाना पहिलेच मारामारी! आते हात वर करा आनि नामंजूर करा!"

भराभर हात वर जायला लागले. माझं मैदान डोळ्यांदेखत चाललं होतं!

"खबरदार!" मी ओरडलो. "मी कोणाला बोट लावलेलं नाही! आईशप्पथ!"

आईची शपथ ऐकून बायकांच्या रांगेतून माझी आईच उठली. धनुबाई.

"आरे, मारामारी कसानी? काजय शे ते! पोऱ्यानी एवढी भारी वस्तू आनी, बठं गाव दखाले येवाव. नजर लागी जाई ना? त्या रबरले मी गोल काजय लाई दिनं. तो बी डोयाच शे ना!"

काजळ! हात खाली आले आणि हसण्याचा असा लोट उठला की सुनिताने तोंडावर पदरच घेतला. मी तेव्हाच खाली बसलो असतो तर आज बोर्डावर माझं नाव असतं. पण माझ्या स्कोपला गाव हसतंय, हे मी ऐकून घेऊ?

"हसू नका!" मी टेबलावर मूठ आपटली. "ह्यात स्कोपचा काय दोष? जाणकार माणूस डोळा चार बोटं लांब ठेवतो! ज्याच्या डोळ्याला काजळ, त्याला स्कोपातलं ओ की ठो कळत नाही. अशा माणसाला बंदुकीजवळ फिरकू देऊ नये! घ्या ठरावात लिहून!"

रुपाताई चष्मा सावरत म्हणाल्या, "पन भाऊ, डोया टेकाडा असं तुम्हीच माले सांगं ना?"

"मी? मी कशाला सांगेन?"

तेवढ्यात आई पुढे आली. पदराचं टोक थुंकीने ओलं केलं, लहानपणी धरायची तशी माझी हनुवटी धरली आणि भर सभेत माझा उजवा डोळा खसाखसा पुसला. पदर काळाकुट्ट!

"तुले त सकायपासून लागेल शे, बाबा," ती मायेने म्हणाली. "म्हनं, ऱ्हाऊ दे. मन्हा पोऱ्याले बी नजर नको लागाले."

बन्सीलाल हसता हसता खुर्चीवरून घसरले, आणि घसरता घसरताच त्यांनी मंजुरीसाठी हात वर केला. मैदान मंजूर! आप्पांनी मात्र डोळे पुसत माझं वाक्य जसंच्या तसं ठरावात घातलं. काजळवाल्यांपैकी कोणी शिकवायचं नाही! स्कोपातून बघितलेल्यांत राहिल्या एकट्या रुपाताई. जन्मात बंदूक हातात न धरलेल्या! मुख्य मार्गदर्शक म्हणून आता बोर्डावर त्यांचं नाव आहे, आणि मी वाळूची पोती उचलतो.

उचलेन! पण स्कोप मी निवडला तोच बरोबर होता, हे मी मरेपर्यंत सांगणार. पोरं म्हणतात, चार बोटांवरून बघितलं की कडेचं काळं जातं. जात असेल! मी आजही डोळा टेकवूनच बघतो. फक्त आधी रबरावरून एकदा बोट फिरवून घेतो.