उजव्या सोंडेची व्यवस्था

गोपीनाथराव ठाण्याच्या कचेरीत कारकून, राहणार कल्याण. रोज आगगाडीने जाऊन-येऊन नोकरी करणारे आणि सुधारणेचे अभिमानी. एका मासिकात ‘घरच्या घरी कापडावर चित्र उठवणे’ हा लेख त्यांच्या वाचनात आला आणि सुशिक्षित घरातल्या बाईने दुपार कशी सत्कारणी लावावी, याविषयी त्यांना शंका उरली नाही. त्यांनी लेख पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला आणि आपल्याला ती कला अवगत झाली असे समजून ते झोपले.

कामाला सुमतीबाई लागल्या. त्यांना निमित्तही होते. ज्या बहिणीला त्यांनी कडेवर खेळवून वाढवले, त्या उत्तरेचे लग्न माघात ठाण्याला होते, आणि आहेर आपल्या हातचा असावा असे त्यांच्या मनात होते. त्यांनी मांजरपाटावर रोगण लावले, गणपतीचे रंगीत छापील चित्र त्यावर पालथे चिकटवले, आणि वाळल्यावर पाणी लावून मागचा कागद बोटांनी चोळून चोळून काढला. बोटे सोलवटली, पण चित्र कापडावर उतरले. सुमतीबाई एकट्याच हसल्या. असे त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या होत्या.

शेजारच्या ठमाबाई विरजण मागायला आल्या आणि चित्र पाहून दारातच थबकल्या.

“अगं सुमती, सोंड उजवीकडे गं याची.”

होती खरी. पालथे चिकटवलेले चित्र उलटे उमटते, हे मासिकाच्या पुढच्या पानावर छापलेले होते. गोपीनाथरावांनी ते पान उलटलेच नव्हते.

प्रकरण भाऊशास्त्र्यांकडे गेले. त्यांनी चित्र लांबून पाहिले, जवळून पाहिले, आणि सदरहू गणपती उजव्या सोंडेचा असल्याचा निर्णय दिला.

“दैवत कडक आहे. स्वयंपाक सोवळ्यात, पूजेत खंड नको, नैवेद्य ताजा. आणि घरातल्या माणसाने गाव सोडायचा नाही.”

“घरातल्या म्हणजे?” गोपीनाथरावांनी विचारले. त्यांना सकाळची गाडी होती.

“म्हणजे जे माणूस घरात असतं, त्याने.”

गोपीनाथरावांचा जीव भांड्यात पडला. वास्तविक चित्रातले जानवेही उलटून उजव्या खांद्यावर गेले होते. परंतु ती बाब कोणी विचारात घेतली नाही, कारण तिच्यात सुमतीबाईंना करण्याजोगे काही नव्हते.

“मग उत्तरेचं लग्न?” सुमतीबाईंनी विचारले.

“मी जाईन ना. मी तर रोजच ठाण्याला जातो.”

“हे चित्र तिच्यासाठीच केलंय. तिलाच दिलं तर?”

“नव्या संसारात इतकं कडक दैवत?” शास्त्रीबोवा कळवळले. “पोरीचा काही विचार कराल की नाही?”

आळीत बोभाटा झाला. दर्शनाला माणसे येऊ लागली, तेव्हा व्यवस्थापक मंडळ नेमण्यात आले. अध्यक्ष गोपीनाथराव, सल्लागार भाऊशास्त्री. सुमतीबाईंना मंडळावर घेता आले नाही, कारण त्यांना स्वयंपाकातून सवड नव्हती.

पुढे एका बैठकीत असे निघाले की आगगाडीत शिवाशीव होते. सबब अध्यक्षांनी रोज संध्याकाळी विहिरीवर स्नान करून ओलेत्यानेच घरात यावे. दिवस थंडीचे होते. अध्यक्षांना लवकरच शिंका सुरू झाल्या.

तेव्हा सुमतीबाईंनी भिंतीवरचा आपला आरसा काढला आणि चित्रासमोर धरला.

“यात बघा. सोंड डावीकडे आहे.”

मंडळाची तातडीची बैठक झाली. आरशातला गणपती डाव्या सोंडेचा, म्हणजे सौम्य. पुरुषांनी दर्शन आरशातून घ्यावे, म्हणजे त्यांना सोवळ्याची सक्ती राहणार नाही, असा ठराव एकमताने संमत झाला.

“मग मी आता लग्नाला जाऊ ना?”

“असं कसं?” गोपीनाथराव समजुतीच्या स्वरात म्हणाले. “स्वयंपाक करताना तुझी पाठ असते आरशाकडे. तुला मूळ गणपतीच लागू. शिवाय आरसा रोज पुसायला माणूस नको का?”

त्या रात्री सुमतीबाईंना रागाने जेवण गेले नाही; मंडळ मात्र पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ प्रभाकर बहिणीला न्यायला आला, तेव्हा तिची पेटी भरून तयार होती. सुमतीबाईंनी आरसा लुगड्यात गुंडाळला आणि पेटीत सर्वांत वर ठेवला.

“अगं, आरसा कुठे नेतेस?” गोपीनाथराव शिंकत म्हणाले.

“माझ्या माहेरचा आहे. उत्तरेला वेणीफणीला होईल.”

“आणि इथलं सगळं?”

“घरात असेल त्या माणसाने करायचं आहे. आता घरात तुम्हीच की.”

‘घरचे दैवत कडक झाल्याने’ असे कारण लिहून गोपीनाथरावांनी रजा घेतली. ओल्या पंच्यानिशी ते चुलीपुढे बसले. भात करपला, ताजा केला, तोही करपला. मग ते तसेच कुडकुडत भाऊशास्त्र्यांच्या दारी गेले. शास्त्रीबोवांनी पोथीचे बासन सोडले, आणि कापडावरच्या चित्राला सोंडेचा नियम मुळीच लागू नाही, असे वचन त्यांना बसल्या जागी सापडले. ते पोथीत पहिल्यापासूनच होते, पण शोधण्याची निकड आजवर कोणाला भासली नव्हती.

गोपीनाथराव वेळेवर लग्नाला पोहोचले. चित्र उत्तरेच्या हाती देताना ते व्याह्यांना म्हणाले, “घरीच केलंय. मासिकात वाचून.” सुमतीबाईंनी आपली सोललेली बोटे पदराआड घेतली आणि पंगतीला वाढायला गेल्या.

ही हकीगत शेवटपर्यंत वाचायला आपल्याला निवांतपणा मिळाला, हे पाहून आनंद वाटतो. तो आपल्याला कोणी मिळवून दिला, हे एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.