बेबी जेवली का?

"माय, टबातले झिंगे कुठं गेले?"

हुडकेश्वरच्या घरात रिकाम्या टबाकडे बघत धम्मानंदनं हे विचारलं खरं, पण स्वयंपाकघरातून येणाऱ्या सावजी मसाल्याच्या वासानं उत्तर आधीच दिलं होतं. कांताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तूच तं म्हणत होता, आज साहेब येऊन राहिले म्हणून झिंगे जास्तीचे मागवले. मंग मी केला रस्सा. बेबीच्या वाट्याचे बिनतिखटाचे काढून ठेवले. घाबरू नको."

"वं माय, तिले जित्ते लागतात!"

"एवढ्या दुरून आलेली पोर, अन् तिले रोज कच्चंच? काहून, तिले जीव नाही?"

ही पोर म्हणजे नागपूरच्या मिहान उद्योगनगरीपलीकडच्या प्राणिसंग्रहालयातली प्लॅटिपस. चोच बदकाची, अंगावर मऊ केस, माहेर ऑस्ट्रेलिया. पाण्यात ती डोळे मिटून पोहते आणि जिवंत भक्ष्य चोचीनंच ओळखते, त्यामुळे शिजलेला झिंगा तिच्या लेखी दगड. नागपूरच्या उन्हात ही तग धरते की नाही हे बघायला आज मुंबईचे साहेब येणार होते. त्यांच्यादेखत बेबी जेवली तर ती इथं राहणार, नाही तर थंड हवेच्या गावी तिची रवानगी. तिची देखभाल करणाऱ्या धम्मानंदनं तिला वर्षभर तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

त्यानं धडाधड फोन लावले. रोपवाटिकेच्या बाबारावला म्हणाला, "गांडुळं घेऊन निघ गा, बेबी उपाशी आहे." डॉक्टर रितिका मॅडमना म्हणाला, "अळ्या असतील तर पाहा मॅडम, बेबी उपाशी आहे." बेबीच्या दालनाची झाडलोट करणाऱ्या यमुताईंना दार उघडून ठेवायला सांगताना त्याचा आवाज चक्क रडवेला झाला. मग तो स्वतः मासळीबाजारात पळाला.

झिंगे घेऊन तो पोहोचला तेव्हा साहेब काचेसमोर उभेच होते; मागं रितिका मॅडम, बाबाराव आणि यमुताई. प्लॅटिपसचा दिवस रात्री उजाडतो, म्हणून त्या दालनात भरदिवसा अंधार करून लाल दिवा लावलेला असे. धम्मानंदनं झिंगे पाण्यात सोडले. बेबी आली, एका झिंग्याला चोच लावली आणि वळून सरळ बिळात निघून गेली.

"जेवण कधीपासून सोडलंय?" साहेबांनी विचारलं.

"कालपर्यंत बरोबर जेवली साहेब. तुमची शप्पथ."

"मला खाताना दिसली पाहिजे. नाही तर न्यावी लागेल."

धम्मानंद मटकन खाली बसला. ते बघून यमुताई खाकरल्या.

"रागावू नको गा धम्मा. बाबारावनं आणलेली दोन-चार गांडुळं मी टाकली. माह्याकडं पाहून राहिली होती बिचारी. मले राहवलं नाही."

"तुम्ही पण?" बाबाराव उडालाच. "मी तं मूठभर टाकून आलो होतो! मले वाटलं, उपाशी आहे."

सगळ्यांनी रितिका मॅडमकडे बघितलं. 'धम्मानंदशिवाय कोणीही बेबीला खाऊ घालू नये' ही दारावरची पाटी त्यांनीच लावली होती. मॅडम छताकडे बघत म्हणाल्या, "अळ्या दिल्या मी. थोड्याच. वाटीभर."

साहेबांनी बेबीला बाहेर काढायला लावलं. प्लॅटिपसची चरबी शेपटीत साठते, म्हणून त्यांनी आधी शेपूट चाचपलं.

"ही उपाशी? अहो, हिची शेपटी उशीसारखी गुबगुबीत आहे! आज हिला कणभरही काही देऊ नका."

"म्हणजे राहील ना साहेब?" धम्मानंद हात जोडून उभा राहिला.

"तब्येत ठणठणीत आहे. पण खाताना मी पाहिलेली नाही, आणि न पाहता लिहिणारा माणूस मी नव्हे."

म्हणजे खायला द्यायचं नाही आणि खाल्ल्याशिवाय इथं राहायचं नाही! असल्या पेचावर मोठ्या माणसांना एकच उपाय सुचतो. बेबीला पाण्यात सोडून सगळे चहाला गेले; साहेब 'आलोच' म्हणून मागं राहिले. धम्मानंदनं चहा तसाच ठेवला. गांडुळांचा डबा तरी आवरावा म्हणून तो एकटाच दालनात परतला.

आत लाल उजेडात साहेब उकिडवे बसले होते. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजलेली, चिमटीत एक गांडूळ.

"ये बाळा," साहेब कुजबुजत होते, "एकच. कोणी बघत नाहीये."

बेबी सावकाश वर आली. गांडूळ गट्ट झालं. साहेबांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली आणि मागं वळले तर दारात धम्मानंद.

"साहेब, तुम्हीच तं म्हणाले होते, कणभर नाही."

साहेबांनी बाही झटकली, चेहरा जमेल तितका सरकारी केला आणि म्हणाले, "तपासणी होती. खाल्लं. मी डोळ्यांनी पाहिलं. ती इथंच राहील."

धम्मानंदला हसू आणि रडू एकदमच आलं. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. ते हळूच म्हणाले, "आणखी एक देऊ का?"

धम्मानंदनं डबा उचलून पाठीमागं लपवला.

"आज नाही साहेब. उद्या या."