शिदोबा अस्वल आणि दोन इंजिनांचा संहारक

बाळांनो, सरसावून बसा. एका जंगलात, जिथल्या प्राण्यांना झाडांपेक्षा विमानांचा लळा जास्त होता, तिथे एक गेंडा सेनापती होता.

पलीकडच्या जंगलावर पिके फणस टाकायला हत्तींची विमानं जायची. त्यांना वाटेत सांभाळायला लांब पल्ल्याचं लढाऊ विमान हवं होतं. गेंड्याने ते मोठ्या हौसेने बनवून घेतलं. दोन इंजिनं, पुढे चार तोफा, आणि काटे फेकायला मागे तोंड करून बसलेली साळिंदरबाई. नाव ठेवलं 'संहारक'. गेंडा आयुष्यभर नाकासमोर धावलेला, म्हणून त्याने चाचणीतही विमान नाकासमोरच पळवून पाहिलं. वळवून बघावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

पहिला संहारक मिळाला शिदोबा अस्वलाला. गडी मोठा मायाळू. म्हाताऱ्या गजाप्पा हत्तीला उंचीची भीती वाटायची, तर शिदोबाने त्याला शब्द दिला, "काका, तुम्हाला सुखरूप परत आणीन."

आणि आल्या की पलीकडून खारी! एका इंजिनाची चिमुकली विमानं त्यांची. शिदोबा एकदा वळेपर्यंत त्या दोनदा त्याच्या पाठीमागे येऊन जायच्या. साळिंदरबाईचे काटे संपले. मग सगळ्या संहारकांनी रिंगण धरलं आणि एकमेकांच्या शेपट्या राखत बिचारे गरगर फिरत राहिले. हत्ती एकटेच पुढे गेले, खारींनी त्यांची विमानं पाडली, आणि ते एकेक करत छत्री उघडून खाली उतरले.

दुसऱ्या सकाळी गजाप्पा पायी परतला, अंगभर फणसाचा चीक. शिदोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गेंड्याला खरं काय ते सांगून टाकलं. गेंड्याने लगेच हुकूम काढला, की यापुढे मुंगसांची छोटी विमानं संहारकांना सांभाळतील. छोट्यांनी थेट हत्तींनाच सांभाळलं तर, असं शिदोबाने भीत भीत विचारलं. गेंडा दुखावला.

"मग संहारकांनी करायचं काय?"

संध्याकाळी गजाप्पाने चौकशी केली. "उद्या आम्हाला कोण सांभाळणार?"

"मी."

"आणि तुला?"

"मुंगसं."

गजाप्पाने जरा विचार केला. "मग आम्ही चालतच जातो, बाबा."

दुसऱ्या दिवशी आभाळात खारी संहारकांच्या मागे लागल्या, मुंगसं खारींच्या. खाली बघायला कोणाला सवड होती? हत्ती डोक्यावर फणस घेऊन गेले, टाकून आले. गजाप्पाला धडधाकट बघून शिदोबा आनंदाने रडलाच. आणि गेंड्याने संहारकाला पदक दिलं, कारण त्या दिवशी हत्तींचं एकही विमान पडलं नव्हतं.

तात्पर्य : रक्षक असा अवजड नेमावा, की मारणारे आणि वाचवणारे सगळे त्याच्याच मागे धावतील. बाकीच्यांनी तेवढ्यात गुपचूप पायी निघावं.