अण्णांची बिनहाताची कमान

अण्णा कुठलंही मशीन बघितलं की आधी त्याच्या पाठीवर थाप मारायचे. कोल्हापुरात हायवेला लागून त्यांचं गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर आणि त्याला चिकटून माझं नेट कॅफे. मी दुकान उघडलं त्या दिवशी आले, मॉनिटरला मागनं दोन थापा हाणल्या आणि विचारलं, "दूध किती देतंय?"

अण्णा मूळचे कुरुंदवाडकडचे. बापजाद्यांचा म्हशींचा व्यापार, त्यामुळं जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी म्हैसच. पंप आटला, मोटरसायकल भाकड झाली, फ्रिज मारका निघाला. नवीन काही घ्यायचं तर नियम एकच, "दोन येळचं दूध बघितल्याबिगर न्हाय." खरं सांगतो, मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चटणी वाटायला लावली होती.

असा माणूस एक दिवस माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "हात न लावता गाडी धुतंय असलं मशीन असतंय म्हणं. जुनं कुठं मिळतंय बघ."

मला काय, तेवढंच पाहिजे होतं. गिऱ्हाईक सोडून धडाधड मेल टाकत सुटलो. बेंगलोरला एक पेट्रोल पंप बंद होत होता, त्यांच्याकडं सापडलं. फोटोपण आला. रुळांवर पुढं-मागं सरकणारी लोखंडी कमान. गाडी खाली उभी करायची, कमान आधी फेस मारते, मग पाणी मारते. ब्रश नाही, फडकं नाही. अण्णांनी स्क्रीनवरच्या कमानीलाच थाप मारली आणि मेल सांगायला लागले, "लिही, पावणं, इकताय कशापायी? लाथ मारती का?" मी आपलं काही बिघाड आहे का, एवढंच इंग्रजीत लिहिलं.

"म्हाताऱ्याला चळ लागलाय," असं गल्लीत सुरू झालं. अण्णा उलट येईल त्याला सांगायचे, "यंदा खंडेनवमीला या. एक हात लावणार न्हाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाड्यांची पूजा, म्हणून खंडेनवमीला सकाळपासनं त्यांच्याकडं रांग लागायची ती पार हायवेपर्यंत. दरवर्षी पाईप अण्णांच्या हातात आणि साबण मावशींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या. मावशींची बोटं साबणाच्या पाण्यानं फुटलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या बायकांना बोटानं कुंकू लावत नाहीत, काडीनं लावतात, फुटलेल्या बोटांना हळदकुंकू झोंबतं म्हणून, हे मला आईनं सांगितलं होतं. डॉक्टरनं साबण बंद करायला सांगितलेलं. मावशी ऐकायच्या नाहीत. "एकट्याला कसं झेपंल त्यास्नी?" एवढंच म्हणायच्या.

तर आम्ही बेंगलोरला गेलतो. कानडी अण्णांना येतच होती, मला नेलं ते मशीनचं पुस्तक वाचायला. दोन दिवस राहिलो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पंपाच्या मालकाची तीच गाडी चार वेळा धुऊन घेतली. मालक शेवटी हात जोडायला लागला. अण्णा मला म्हणाले, "सगळं पुस्तक वाच आणि सांग. ह्यात माणसाला साबणात हात घालायला लागतोय का? एकदाबी?"

मी वाचलं. म्हटलं, "न्हाय."

अण्णांनी कमानीवर थाप मारली. म्हैस ठरली.

श्रावणात कमान कोल्हापुरात उभी राहिली आणि मावशींना साबणाच्या बादलीपाशी फिरकायची बंदी झाली.

खंडेनवमीला सकाळी मी माझा कीबोर्ड घेऊन पूजेला गेलतो. मावशी कमानीची पूजा करत होत्या. स्विचबोर्डाला हळदकुंकू झालं, रुळांना झालं. खाली गाडी कुठंपर्यंत उभी आहे ते बघायला कमानीला काचेचा एक डोळा होता. त्यालाही मधोमध कुंकू लावलं, नमस्कार केला आणि नैवेद्याचं बघायला आत गेल्या. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

अण्णांनी बटण दाबलं. कमान हलेना. नुसता लाल दिवा. मागं वीसेक गाड्या, हॉर्न चालू. मी बेंगलोरच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, डोळ्यावर काय बसलंय ते पुसा, चालू होईल.

"अण्णा, म्हस आटली वाटतं," एक जीपवाला म्हणाला. सगळे हसले. "आणि डोळ्यात कुंकू कुणी घातलं हो तिच्या?"

"मीच," अण्णा म्हणाले.

मी रुमाल काढून पुढं झालो. अण्णांनी माझं मनगट धरलं. चष्मा कपाळावर चढवून, तोंड काचेजवळ नेऊन ते बघत राहिले. मग मीपण बघितलं. कुंकवाचा ठिपका चांगला मोठा, गोल होता आणि त्यात बोटाच्या रेषा उमटल्या होत्या, कुठं एक चीर नाही. काडीचा नव्हता.

"पुसू नगं," अण्णा हळू म्हणाले. मग रांगेकडं वळून नेहमीच्या आवाजात, "पावणं, दम धरा. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असत्यात, राबवायची न्हाईत. एकेक गाडी घेतो."

त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, जुना पाईप ओढून काढला आणि बादलीत साबण कालवला. आवाज ऐकून मावशी पदर खोचत बाहेर आल्या.

"अवो, मी लावू का साबण?"

"तू बस तिथं," अण्णा न बघताच म्हणाले, आणि बादली पायानं आपल्या पलीकडं सरकवली.